घोंगडीच्या जाहिरातीतला जवान

हे खरं घडलंय. माझे अब्बा, फक्रुद्दीन, स्वतः तिथे होते. मरेपर्यंत त्यांनी यातला एक शब्द बदलला नाही.

१९४४ चा डिसेंबर. नगरमधला एक छोटा छापखाना. अब्बा तिथे मशीन चालवायचे आणि भागूबाई छापलेले कागद दुमडायची. तिचा एकुलता एक लेक सहादेव लढाईवर होता. आठ महिने पत्र नव्हतं.

तिथे छापल्या जाणाऱ्या मासिकात दर महिन्याला मदत फंडाची जाहिरात यायची. दवाखान्याच्या खाटेवर बसलेला जखमी जवान आणि खाली मजकूर : 'याच्यासाठी एक घोंगडी द्या.' फोटोचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा धातूचा ठसा, मुंबईहून आलेला.

भागूबाई म्हणाली, हा माझा सहादेव.

अब्बांनी समजावलं, चेहरा पुसट आहे, कुणीही असेल. तिनं ऐकलं नाही. अंगावरची घोंगडी फंडात देऊन आली. रोज त्या चित्राला घरी ये म्हणायची.

त्या दिवशी दिवेलागणीला जाहिरातीचं पान मशीनवर होतं.

खाट करकरली...

छापखान्यात खाट नव्हती.

अब्बांनी मशीन थांबवलं. वरचा कागद उचलला.

खाट होती... जवान नव्हता.

दुसरा कागद. तिसरा. सगळीकडे रिकामी खाट.

ब्लॉक पुसून पाहिला... त्यावर जवान तसाच बसलेला.

भागूबाईनं शांतपणे पदर खोचला.

"निघाला त्यो. भाकरी टाकाया पायजे."

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला आली नाही. अब्बा तिच्या खोलीवर गेले. दारातच तिनं सांगितलं, लेक आलाय, झोपलाय, उठवू नका. आत अंधार होता. अब्बा परतले.

शेजाऱ्यांना तो लेक कधीच दिसला नाही.

१९४६ साली सहादेव आईला शोधत छापखान्यात आला. धडधाकट. शत्रूच्या कैदेत होता, म्हणून पत्र नव्हतं. दवाखान्याची पायरी त्यानं कधी चढलीच नव्हती. अब्बाच त्याला आईकडे घेऊन गेले. वाटेत त्याला काही सांगायला त्यांची जीभ उचलली नाही.

भागूबाईनं दार अर्धं उघडलं. बराच वेळ बघत राहिली.

"कोण तू, बाबा?"

"आये, मी सहादेव."

तेवढ्यात आतून आवाज आला...

"आये, कोण आलंय गं?"

सहादेव दोन पावलं मागे सरला. तो आवाज त्याचाच होता.

दार लागलं.

सहादेव त्याच दिवशी श्रीगोंद्याकडे निघून गेला. नगरला पुन्हा आला नाही. नऊ वर्षांनी भागूबाई वारली, तेव्हा दार तोडायला अब्बाही होते.

आत कोण होतं, हे मी त्यांना एकदाच विचारलं.

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "खुर्शीद, आधी दिवा लाव."

दिवा लावला. मग ते एवढंच म्हणाले, "खाट होती. रिकामी. पण करकरत होती."