गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर

म्हशीनं ओढणी तोंडात धरली आणि दानेश्वरी किंचाळलीच.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळची गर्दी उसळली होती. म्हैस समोर उभी करायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळता पेला हातात द्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला धंदा. जुन्या कोल्हापुरातल्या अशा जागांचे व्हिडिओ करायला पुण्याच्या एका पर्यटन कंपनीनं तिला पाठवलं होतं. मोबाइल डोळ्यांसमोर धरून मागं मागं सरकताना, पाठीमागं कोण उभं आहे हे तिनं पाहिलंच नव्हतं.

"ओ पावणं, वडू नगासा! वडलं की ती आणिकच खाती!"

हातातली दुधाची कासंडी खाली ठेवून एक उंच तरुण धावत आला. त्यानं म्हशीच्या कानामागं खाजवलं, काहीतरी पुटपुटला… आणि तिनं ओढणी सोडली. टोकाचा मात्र पार चोथा झाला होता.

"तुमची का ही?"

"व्हय. चंद्री. रंगीत कापड दिसलं की ऱ्हावत न्हाय तिला."

"मग बांधून ठेवायची ना!"

"बांधलीय की. तुम्हीच आलासा तिच्या तोंडात."

"मी बघून घेतो तिला!" ती रागानं बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

तो हसला. "घेतो? म्हंजे पुण्याच्या न्हवं तुम्ही. गडहिंग्लज, का नेसरी?"

इकडच्या मुली अशाच बोलतात… मी जातो, मी खातो. पुण्यात राहून तिनं ते घासूनपुसून काढलं होतं. "गडहिंग्लज," ती म्हणाली, आणि तिलाही हसू आलं.

त्यानं पेला पुढं केला. भोवती मार्गशीर्षाचा गारठा, हातात कोमट दूध. एका घोटात तिच्या ओठांवर फेसाची मिशी उमटली. त्यानं नजर वळवली — पण जरा उशिराच.

त्याचं नाव कृष्णात. सकाळ-संध्याकाळच्या धारा सोडल्या तर दिवस मोकळा. "कोल्हापूर दाखवतो," म्हणाला, आणि दाखवलंही. भवानी मंडपात तो तिच्या पिशव्या सांभाळत उभा राहिला. चप्पल गल्लीतल्या जुन्या दुकानात तिनं करकर वाजणारी जोडी पायात घातली, तर म्हणाला, "आता तुम्ही येताय हे लांबनंच कळंल. बरं हाय… मला केस सारखं करायला येळ मिळंल." खासबागच्या रिकाम्या मैदानात दगडी पायऱ्यांवर उभा राहून त्यानं आरोळी ठोकली, "लाल मातीत उतरत आहेत… गडहिंग्लजच्या पैलवान दानेश्वरी!" ती पोट धरून हसली. व्हिडिओ हलला. तिनं तो पुन्हा काढला नाही.

मग एका दुपारी ते एका जुन्या मटणाच्या खानावळीपाशी थांबले. आतून तांबड्या रश्श्याचा वास येत होता. दानेश्वरी उंबऱ्याबाहेरच अडली.

"आमच्यात अंडंसुद्धा चालत नाही," ती हळूच म्हणाली.

"आमच्यात रविवार ह्याच्याबिगर होत न्हाय."

बोलणं जेवणाचं होतं… आणि नव्हतंही. इतके दिवस दोघांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, हे त्या दोन वाक्यांतच दोघांना कळलं.

त्या संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसल्यावर तिनं पाण्याकडं बघत सांगितलं, "मी घरी फोन केला. अव्वाला, म्हणजे आईला, सांगायचा धीर झाला नाही. अप्पांना म्हटलं, मला एक जण आवडतो."

"कोण?" तो तिच्याकडं वळला.

"आहे एक… म्हशीवाला."

"मग? काय म्हणालं?"

"'गंगावेशीत दूध विकतो' एवढं ऐकलं आणि फोन ठेवला त्यांनी."

आणि दोनच दिवसांनी, ती कट्ट्यावर कृष्णातशी बोलत उभी असताना, तिचे वडील, गडहिंग्लजचे भुसार व्यापारी सोमशेखरअप्पा समोर येऊन उभे राहिले. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात छत्री. अप्पांनी दूध मागितलं. शांतपणे पेला संपवला. मग विचारलं, "मटण खाता?"

"खातो."

"सोडाल?"

एक होकार, की सगळं सोपं होणार होतं.

"आज व्हय म्हणीन आन्‌ उद्या चोरून खाईन," कृष्णात म्हणाला. "मग तुम्हास्नी बी फसवलं, तिला बी. तिच्या चुलीवर शिजणार न्हाय, एवढा शबुद देतो. ज्यादा बोललो तर खोटं हुईल."

अप्पा लेकीकडं वळले. "तुझं काय?"

"चुली दोन असू देत, अप्पा." तिची नजर हलली नाही. "घर मात्र मला ह्याच्याबरोबर पाहिजे."

अप्पांनी रिकामा पेला फळीवर ठेवला.

"तुझ्या अव्वाला हे तूच सांग. मला जमायचं नाही." मग कृष्णातकडं न बघताच म्हणाले, "सोमवारी या घरी. शेंगापोळी असती."

छत्री टेकत ते गर्दीत दिसेनासे झाले. कृष्णात तसाच उभा. "खरंच येऊ?"

"नका येऊ," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. ती जवळ सरकली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच 'अहो' सोडून, अगदी हळू म्हणाली —

"ये."