दोनदा विझलेला बॉयलर

सोमवारी सकाळी आठ वाजता मृदुलाचा फोन वाजला.

"बॉयलर पुन्हा बंद पडलाय," पलीकडच्या घरातून भार्गवी बोलत होती. "काल दुपारपासून. घरात बारा डिग्री आहे. बाळाला दोन स्वेटर घालून कुशीत घेऊन बसलेय."

"गुरुवारीच दुरुस्त झाला ना?"

"तेच तर! हरिहर यायला निघालाय. पण घरमालक सतीश सर म्हणतायत, त्याने नवा भाग बसवलाच नाही, नुसतं सांगितलं. आज चारच्या आत त्याच्या कंपनीत तक्रार करणार आहेत. त्याचं गॅसचं लायसन्स जाईल गं."

नेदरलँड्समधल्या त्या मराठी गोतावळ्यात हरिहरला कोण ओळखत नव्हतं? विमानतळावरची नोकरी पहिल्या लॉकडाऊनमध्ये गेली, तेव्हा हा पठ्ठ्या रडत बसला नाही. चाळिशीत डच शिकत बॉयलरचा कोर्स केला आणि महिन्यापूर्वी लायसन्स मिळवलं. ते गेलं तर पुन्हा कोणी त्याला दारात उभं केलं नसतं.

मृदुलाने मास्क चढवला. दिवसाला एकच पाहुणा, असा सरकारचा नियम होता. आजचा पाहुणा तीच. आइंडहोवनच्या एका कंपनीत बिघडलेली यंत्रं का बिघडली हे शोधणं तिचं काम. संशय घेण्याचा तिला पगार मिळायचा, आणि मिळाला नसता तरी तिने तो घेतलाच असता.

दार भार्गवीच्या आईने, उल्काकाकूंनी उघडलं. दोन महिन्यांसाठी म्हणून त्या आल्या. आधी विमानं थांबली, मग लेकीचं बाळंतपण आलं, आणि वर्ष होत आलं. भार्गवी सोफ्यावर बाळाला घेऊन बसली होती. सिझेरियनला अठराच दिवस झाले होते. पोटमाळ्याचा जिना इतका उभा, की तिने तिकडे बघायचंही नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"तो हरिहर नवशिका आहे," तिचा नवरा ईशान चहा ओतताना म्हणाला. "मी तर म्हणतो, हे घरच नको. अशा गारठ्यात बाळ राहणार कसं?"

"काल दुपारी तू कुठे होतास?" मृदुलाने सहज विचारलं.

"पोटमाळ्यावर. मुलाखतीची तयारी करत होतो."

"बॉयलर तिथेच आहे. बंद पडलेला कळला नाही?"

"हेडफोन होते ना कानात."

मृदुलाने मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे.

तेवढ्यात हरिहर आला. डोळे तांबारलेले, रात्रभर झोपला नसावा. मृदुला आणि काकू त्याच्यामागून वर गेल्या. ईशान खालीच थांबला.

"गुरुवारी नेमकं काय केलंत?"

"सर्व्हिस केली, ताई. बर्नर साफ केला. ठिणगी पाडणारा इलेक्ट्रोड असतो, त्याची चिनीमाती आरपार तडकली होती. ठिणगी पडतच नव्हती. नवा बसवला, सांधा बंद ठेवणारं गॅस्केटही नवं घातलं."

"आणि जुना?"

"नव्याच्या खोक्यात घालून त्या फळीवर ठेवला. सतीश सरांना बघायचा होता."

"तेव्हा इथे कोण होतं?"

"फक्त काकू. करोनामुळे एकालाच थांबू देतो." तो जरा घुटमळला. "एक सांगू? कंपनीला कळवू नका. काकू हळदकुंकू घेऊन आल्या होत्या."

"मग? नवी वस्तू यंत्रात तशीच बसवायची?" काकू ठसक्यात म्हणाल्या. "दसऱ्याला आम्ही शिलाई मशीनलाही लावतो."

"मीच म्हटलं, ठिणगीच्या टोकाला नको, इलेक्ट्रोडच्या बाहेरच्या पत्र्याला लावा. हळद गळून पडली, कुंकू राहिलं. मग मीही हात जोडले."

"त्यानंतर वर कोण आलं?"

"शनिवारी घरमालक आले होते," काकू म्हणाल्या. "दहा मिनिटं एकटेच होते वर."

मृदुलाच्या मनात पाल चुकचुकली. सतीशना मार्चपर्यंत हे घर भाच्यासाठी रिकामं हवं होतं. डच कायद्याने भाडेकरूला सहजी काढता येत नाही. थंडीने मात्र काढता येतं.

"शनिवारनंतर गरम पाणी येत होतं?"

"येत होतं की! रविवारी सकाळी नऊ वाजता बाळाला न्हाऊ घातलं. वाफाळतं पाणी होतं नळाला. नंतर बर्फाने सगळं बंद पडलं, गाड्यासुद्धा."

मृदुलाने बॉयलरच्या झाकणाकडे पाहिलं. आता तिला जे वाटू लागलं होतं, ते खरं निघू नये असं तिला मनापासून वाटत होतं.

"उघडा," ती हरिहरला म्हणाली.

त्याने झाकण काढलं, दोन स्क्रू सोडवले आणि हातातल्या वस्तूकडे बघतच राहिला. चिनीमाती आरपार तडकलेली होती.

"हा तर जुना! ताई, आईशप्पथ, मी नवा बसवला होता."

मृदुलाने फळीवरचं खोकं उघडून आत पाहिलं, लगेच बंद केलं आणि ते घेऊन खाली आली.

भार्गवीने सतीशना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" सतीश गरजले. "जुनाच ठेवला त्याने!"

"नाही," मृदुला म्हणाली. "नवा बसवला होता. कोणीतरी तो काढून खोक्यात घातला आणि खोक्यातला जुना परत लावला. खोक्यातल्यावर खूण आहे."

"खूण कसली?" ईशान म्हणाला. "लाल ठिपका ना? तो तपासणीचा असतो. चाकणच्या कारखान्यात आम्हीही मारायचो प्रत्येक पार्टवर."

मृदुलाने खोकं टेबलावर ठेवलं.

"लाल आहे, हे मी म्हटलं नव्हतं," मृदुला हळूच म्हणाली. तिने खोकं उघडलं. पांढऱ्या स्वच्छ इलेक्ट्रोडच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. "हे काकूंनी लावलेलं कुंकू आहे. बॉयलरमध्ये बसवण्याआधी लावलेलं, म्हणजे बसवला तो हाच. हरिहरने किंवा काकूंनी अदलाबदल केली असती, तर ही खूण पुसली असती. त्यांना ती माहीत होती. सतीश सर, तुम्ही शनिवारी आलात, पण रविवारी नऊपर्यंत पाणी तापत होतं. जुन्या इलेक्ट्रोडवर ते तापलंच नसतं. भार्गवी जिना चढू शकत नाही. उरला एकच माणूस, जो काल दुपारी वर होता. ज्याला स्क्रूड्रायव्हर धरता येतो आणि जो कुंकवाला कारखान्यातला ठिपका समजला."

ईशानने मान खाली घातली.

"मी आज संध्याकाळी नवा परत बसवणार होतो," तो पुटपुटला. "एकच दिवस. भार्गवी स्वतःहून म्हणाली असती, चल, पुण्याला जाऊ. बाबा तिकडे एकटे आहेत. सप्टेंबरात ते आयसीयूत होते आणि मी इथे बायकोच्या व्हिसावर बसून मुलाखती देत होतो."

"गॅस्केट नवं आणलं होतंत?" हरिहरने विचारलं.

"गॅस्केट?"

"एकदा उघडलं की ते फेकायचं असतं. दबलेलं गॅस्केट पुन्हा लावून बॉयलर पेटवला असतात, तर विषारी धूर घरात आला असता. खालच्या खोलीत बाळ झोपतं, साहेब." हरिहरचा आवाज कापत होता, पण चढला नाही.

काकूंनी तोंडाला पदर लावला. ईशानचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला एकदा विचारायचं होतंस," भार्गवी म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हणाले असते. म्हणून अठरा दिवसांच्या पोराला थंडीत ठेवलंस? आणि ह्या माणसाची भाकरी काढून घ्यायला निघालास?"

तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. ईशान फोनकडे वाकला.

"सतीश सर, हरिहरने काम नीट केलं होतं. बॉयलर मी उघडला."

फोनवर कागद सरकवल्याचा आवाज आला. मग सतीश म्हणाले, "हरिहर, माफ करा. तक्रार लिहून ठेवली होती, ती फाडतो."

हरिहरने खोक्यातला नवा इलेक्ट्रोड उचलला. बॅगेतून नवं गॅस्केट काढून तो जिना चढू लागला. मृदुलाही उठली, त्या दोघांच्या संसारात आता तिचं काही काम नव्हतं. तिचा हात दाराच्या कडीवर असतानाच मागून भार्गवीचा आवाज आला. त्यात राग नव्हता, आणि त्याचंच मृदुलाला भय वाटलं.

"बाबांजवळ तू असायला हवंस, हे खरंय. तिकीट काढ, ईशान. एकट्याचं."