वीरगळाच्या जागी

कंदील जरा तिकडं सरकवा पोरांनो, डोळ्यांवर येतो. हां. आता ऐका. ज्याच्यावर हे गुदरलं तो भाऊसो मोकाशी माझ्या चांगल्या ओळखीचा. त्यानं स्वतःच्या तोंडानं जेवढं सांगितलं तेवढंच सांगतो. पदरचं काही घालत नाही.

भाऊसो मूळचा मास्तर. ढालगावच्या अंगाला खडकेवाडी म्हणून धनगरांची वस्ती आहे, तिथल्या शाळेत त्यानं आठ वर्षं काढली. जुन्या दगडांचं त्याला भारी वेड. पडक्या देवळासमोर उभा राहून बोलायला लागला, की ऐकणाऱ्याला तिथं घंटा वाजतेय असं वाटायचं. मुंबईच्या एका सहल कंपनीला असाच माणूस हवा होता. त्यानं मास्तरकी सोडली आणि मिरजेला बिऱ्हाड केलं. चार दिवसांची सहल असायची. दंडोबाच्या डोंगरातलं लेणं, माळावरची सात-आठशे वर्षांची देवळं, आणि मिरजेहून पंढरपूरकडे जाणारी आपली छोटी गाडी. आपल्याला तिचं काय कौतुक? पण मुंबईचे लोक तिच्या इंजिनावरून हात फिरवायचे. चढावर गाडी रेंगाळली की खाली उतरायचे, शेतातला हरभरा उपटायचे आणि पळत येऊन पुन्हा चढायचे.

शनिवार, अकरा जानेवारी एकोणीसशे पंच्याहत्तर. दुसऱ्या दिवशी अमावास्या. तांबडं फुटायच्या आत भाऊसो घरातून निघाला, पाहुण्यांसाठी स्टेशनात जाऊन डबा धरून ठेवायला. चंद्राबाई, त्याची बायको, दशम्यांचं गाठोडं हातात देत म्हणाली, "आज कुठली देवळं?"

"ढालगावकडची."

"खडकेवाडी?"

भाऊसो चपला घालत राहिला. मग म्हणाला, "कंपनीनं छापलंय पत्रकात. माझ्या हातात काय हाय?"

"तुमी जाऊ नगासा," ती एवढंच म्हणाली. त्यानं ऐकलं नाही.

आता खडकेवाडीचं काय, ते सांगायला हवं.

वाडीबाहेरच्या माळावर महादेवाचं एक पडकं देऊळ आहे. देवळासमोर एक वीरगळ उभा होता. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं रोवलेला कोरीव दगड. खाली तलवार घेतलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर महादेवाची पिंड. छातीइतका उंच. धनगर त्याला 'बा' म्हणायचे. त्याला तेल घालायचा मान हरणाबाईच्या घराकडं. तिचा एकुलता मुलगा सिद्धू मेंढरं घेऊन रात्री तिथंच वस्तीला असायचा. हा सिद्धू चौथीपर्यंत भाऊसोच्या हाताखाली शिकलेला.

दोन वर्षांपूर्वी सहल कंपनीचा मालक तिथं आला. दगड बघितला आणि म्हणाला, "हा माझ्या बंगल्याच्या बागेत हवा." भाऊसोला कंपनीत कायम व्हायचं होतं. सिद्धू मेंढरं घेऊन कोरेगावाकडं गेलाय असं त्याला कळलं होतं. रात्री जीप आली, चार माणसं आली, आणि पहाटेपर्यंत बा गेला. राहिला तो फक्त खळगा.

पण सिद्धू त्याच रात्री परतला होता. त्यानं लांबून जीपच्या दिव्यात गुरुजींना ओळखलं.

वाडीनं सिद्धूलाच धरलं. दगडाजवळ निजणारा तोच, तेव्हा विकला असणार तोच. चावडीपुढं लिंबाला बांधला आणि मारला. पंचांनी जाणता माणूस म्हणून भाऊसोला मिरजेहून बोलावून घेतलं. सिद्धूनं तोवर कोणाचं नाव घेतलं नव्हतं; गुरुजींना बघितल्यावर त्याच्या जिवात जीव आला, तेच खरं सांगतील म्हणून.

"गुरुजी, तुमाला ठावं हाय. एक डाव बोला."

भाऊसो म्हणाला, "मला काय ठावं असणार?"

सिद्धूनं त्याच्याकडं बघितलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. सोडल्यावर आईला म्हणाला, "आये, बाला घिऊन येतो," आणि रूळ धरून मिरजेच्या वाटेला लागला. अंगात ताकद नव्हती. अंधारात ओढ्यावरच्या पुलावरून खाली पडला. सकाळी गुराख्यांना सापडला.

हरणाबाई रडून रडून डोळ्यांनी अधू झाली. पण मान काही सोडला नाही. दर अमावास्येला पहाटे काठी टेकत माळावर जायची आणि त्या खळग्यात तेल ओतून यायची.

हे सगळं भाऊसोला माहीत होतं. दोन वर्षं त्यानं खडकेवाडी टाळली. त्या शनिवारी टाळता आली नाही.

दुपारी पाहुणे बैलगाड्यांतून माळावर आले. भाऊसो बोलायला लागला. खांब झाले, चौकट झाली, पिंड झाली. पाहुण्यांत अंजनाबाई म्हणून दादरच्या एक शिक्षिका होत्या, सगळं वहीत उतरवून घेणाऱ्या. त्यांनी विचारलं, "आणि इथे हा खड्डा कसला हो?"

"पावसापाण्यानं पडला असंल," भाऊसो म्हणाला.

"खोटं."

शब्द अगदी त्याच्या मानेमागून आला. भाऊसो वळला. मागं कोणी नव्हतं. मोकळा माळ, वाळलं कुसळ आणि लांब एक बाभळ.

अंजनाबाईही वळून बघत होत्या. "कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

"कोण न्हाई. चला, गाडी चुकंल."

संध्याकाळी ढालगावला गाडी उशिरा आली. निघायला साडेआठ वाजले. डब्यात एकच मिणमिणता दिवा. पाहुणे दमलेले, शाली गुंडाळून एकमेकांच्या अंगावर कलंडले. अंजनाबाई मात्र जाग्या होत्या. भाऊसोला आत बसवेना. तो दारात जाऊन उभा राहिला. बाहेर थंडी मी म्हणत होती. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

तेवढ्यात त्याला कोणीतरी चालताना दिसलं.

रुळाकडेनं, दारातून सांडलेल्या उजेडात. डोक्यावरून घोंगडं. खांद्यावर काठी. गाडी चढावर होती, तेव्हा माणूस बरोबरीनं चालतोय यात भाऊसोला काही वाटलं नाही. वाटलं, असेल कोणी मेंढक्या.

चढ संपला. उतार लागला. गाडीनं वेग घेतला.

तो तसाच बरोबरीनं. पळत नव्हता. सावकाश चालत होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "पावनं निजलं व्हय?"

भाऊसोनं दाराची दांडी घट्ट धरली. "...व्हय."

"बरं झालं. लय दमली असतील. लय दगडं दावलीसा त्यास्नी."

भाऊसोनं मागं वळून डब्यात बघितलं.

"मला चौथीत तुमीच शिकवलं. खरं बोलावं म्हून. पाटीवर शंभरदा लिवून घेतलं हुतं. आठवतं?"

"सिद्धू..."

"व्हय गुरुजी. मीच."

चाकांचा आवाज बदलला. पोकळ झाला. गाडी पुलावर आली होती. ओढ्यावरचा तोच पूल. त्याला कठडा नाही, बाजूला पाऊल टाकायला फळी नाही. दाराच्या बाहेर खाली नुसता अंधार, आणि तळाला खडक.

तो मात्र चालतच होता. दाराशेजारून... अधांतरी... काठी टेकत. आणि काठीचा आवाज येत होता. टक्. टक्.

"हितं पडलो गुरुजी मी," तो म्हणाला. "लय येळ जिता हुतो."

भाऊसो आत सरायला गेला. पाय उचलला नाही. घोंगड्यातून हात आला आणि मनगटावर बसला. गार. दगडासारखा गार.

"चला. आये वाट बगतीया."

मग काय झालं ते भाऊसोला सांगता यायचं नाही. पडल्याचं आठवत नव्हतं. चालल्याचं आठवत नव्हतं. भानावर आला तेव्हा वर चांदण्या होत्या आणि गाडी नव्हती. कुठलाच आवाज नव्हता.

तो उभा होता. समोर पडकं देऊळ.

त्यानं खाली बघितलं. गुडघ्यापर्यंत तो जमिनीत होता. खळग्यात. आणि सिद्धू त्याच्याभोवती माती लोटत होता, पायानं चेपत होता. खांब रोवताना चेपतात तशी. घाई नाही. राग नाही. एक फेरी... दुसरी फेरी...

"सिद्धू, सोड. चुकलं माझं."

धप्. धप्.

"मी नेला बाला! मीच नेला! मालकाच्या बंगल्यावर हाय!"

सिद्धू थांबला. पहिल्यांदाच त्यानं तोंडावरचं घोंगडं बाजूला केलं. त्या तोंडाबद्दल भाऊसो मला कधीच बोलला नाही.

"आता सांगताय?" सिद्धू म्हणाला. "आता ऐकाया कोण हाय हितं?"

पुन्हा धप्. धप्. मग तेही थांबलं.

भाऊसो ओरडायला गेला. आवाज फुटेना. जीभ हलत होती, ओठ हलत होते... आवाज नाही. अंधारात आजूबाजूला मेंढरं येऊन बसली. दिसत नव्हती. त्यांचं रवंथ तेवढं ऐकू यायचं.

रात्र सरता सरेना.

पहाटे काठीची चाहूल लागली. त्याला वाटलं, तोच आला परत. पण ही चाल म्हाताऱ्या माणसाची होती. हरणाबाई. हातात तेलाची बुधली. चाचपडत ती खळग्याशी आली, वाकली आणि हात पुढं केला.

हात भाऊसोच्या छातीला लागला.

ती दचकली नाही. हळूहळू हात वर नेला. खांदा. गळा. तोंड. थंडीनं ताठलेलं, मातीनं भरलेलं. डोळे, नाक, कपाळ, सगळं तिनं बोटांनी बघितलं. आणि तिच्या तोंडावर हसू आलं.

"बा? आलासा?"

भाऊसो जीव एकवटून सांगायला बघत होता. मी आहे, गुरुजी आहे, मला काढ...

नाही. एक शब्द नाही.

"माझ्या सिद्धूनं आणलं तुमास्नी. म्हणला हुता, आणतो म्हून. लोकांनी चोर म्हणलं वो त्याला..."

तिनं बुधली उपडी केली. गार तेल डोक्यावरून डोळ्यांत, ओठांवर, गळ्यात उतरलं. तिनं ते दोन्ही हातांनी चोळलं, कपाळाला शेंदूर लावला, हात जोडले. "आता आमचं पोरगं सोडा," म्हणाली. आणि आली तशी काठी टेकत निघून गेली.

भाऊसो मला सांगायचा, "त्या मढ्याची भीती वाटली, खरी वाटली. पण ती म्हातारी हसली ना... तवा मी मेलो."

उजाडल्यावर मेंढक्यांनी त्याला बघितलं आणि वाडी गोळा झाली. पहारी आणल्या. चौघांना दोन तास लागले. जमीन अशी घट्ट, की जन्मात कधी कुदळ लागलेली नसावी. बाहेर काढलं तेव्हा कुठं त्याला वाचा फुटली. मातीत बसूनच त्यानं सगळं सांगितलं. सगळ्या वाडीपुढं. कोणी त्याच्या अंगाला हात लावला नाही. ज्यांनी सिद्धूला मारलं होतं ते खाली माना घालून उभे राहिले.

तिकडं मिरजेत पाहुणे घाबरले होते. अंजनाबाईंनी पोलिसांना लिहून दिलं, की पूल येईपर्यंत गाईड दारात उभे होते, बाहेर बघून कोणाशी तरी बोलत होते. आपण डोळे मिटून उघडले तर दार रिकामं. गाडी कुठंही थांबली नाही. तो पूल आणि ते देऊळ यांत आठ मैलांचं अंतर आहे.

वाडीचे दहा जण भाऊसोला घेऊन मुंबईला गेले. मालक आधी बरंच ओरडला. पण भाऊसो पोलिसांपुढं सगळं बोलायला तयार आहे म्हटल्यावर गप्प झाला. फाल्गुनात बा ट्रकमधून परत आला आणि आपल्या जागी उभा राहिला. पंचांनी हरणाबाईच्या दारात जाऊन तिचे पाय धरले. त्या पहाटे तिनं तेल घातलेला बा कोण होता, ते मात्र तिला कोणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं?

भाऊसोची नोकरी गेली. देवळांचं बोलणंही त्यानं सोडलं. उन्हाळा असो, काही असो, त्याचं धोतर कधी पोटरीच्या वर गेलेलं आम्ही बघितलं नाही.

गेल्या साली, अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात, तो वारला. अंघोळ घालायला मी होतो. धोतर सोडलं तसा माझा हात थांबला. दोन्ही पायांवर, गुडघ्यापासून खाली, करडं-हिरवं काहीतरी चिकटलं होतं. मला वाटलं, माती. घासलं, तर निघेना.

चंद्राबाई कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊजी. डाक्टरनं बी लय डाव खरवडलं. परत येतं."

मी कंदील जवळ नेला. वाकून बघितलं.

दगडफूल होतं. जुन्या खडकावर धरतं तसं... कातडीत मुळं धरून... आणि कडेला नवं फुटत होतं.