चाकावरचा शर्ट

सांडपाणी केंद्रातल्या केमिस्टबाईंचा माणसांपेक्षा बाटल्यांवर विश्वास जास्त. त्या सकाळी दर आठवड्याप्रमाणे नदीकाठी उतरून त्यांनी पाण्याचा नमुना घेतला, बाटली नाकाशी धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पाण्याला चक्क गटाराचा वास येत होता.

केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तर नितळ होतं. म्हणजे मैला दुसऱ्या वाटेने गेला, आणि तशी वाट एकच: टाक्यांना वळसा घालून थेट नदीत उतरणारं जुनं भुयार. त्याच्या तोंडावरची लोखंडी झडप वरच्या चाकाने उघडायची. चाकावर बाईंनीच खडूने खूण करून ठेवली होती. ती अर्धा फेरा सरकली होती.

बाईंचा संशय सरळ रात्रपाळीच्या ऑपरेटरवर गेला. सगळे त्याला काका म्हणत. थोडा मैला परस्पर नदीत सोडला की मोटारी कमी चालवाव्या लागतात आणि डुलकी काढता येते, हे न कळण्याइतक्या त्या दूधखुळ्या नव्हत्या. शिवाय नदीच्या खालच्या अंगाला त्यांच्या धाकट्या बहिणीचं घर होतं. तिचं तान्हं बाळ आठवडाभर जुलाबांनी दवाखान्यात पडून होतं. बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांनी काकांच्या देखत चाक बंद केलं, त्याला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं, साखळी ताठ होती आणि खूण पुन्हा अर्धा फेरा पुढे होती. नदीचं पाणी घाणच.

दुसरी किल्ली कुठे लपवलीत, असं बाईंनी काकांना खडसावून विचारलं. त्यांनी शपथ घेतली, पण नजरेला नजर दिली नाही. मग बाईंनी चाक पुन्हा बंद करून कुलूप लावलं आणि त्या संध्याकाळी त्या घरी गेल्याच नाहीत. चाकासमोर दोघं बसले. उजेड उतरत होता, टाक्यांत हवा सोडणाऱ्या पंख्यांची घरघर चालू होती. चाक जागचं हललं नाही. तरीही खाली भुयारात पाणी वाहू लागल्याचा आवाज आला…

"आता मी उघडत नाही, बाई," काका अगदी हळू म्हणाले. "तेव्हा उघडलं होतं. अर्धाच फेरा…"

बऱ्याच वर्षांपूर्वी एका रात्रपाळीत काकांचा जोडीदार गाळ काढायला भुयारात उतरला होता. उतरणाऱ्याने अंगातला शर्ट काढून चाकाला अडकवायचा, आणि शर्ट आहे तोवर चाकाला कुणी हात लावायचा नाही, अशी रीत होती. तो माणूस पुन्हा कधी सापडला नाही.

"चाकावर शर्ट नव्हता, असं सांगितलं मी सगळ्यांना…"

"होता का?"

काका स्वतःच्या शर्टाचं बटण चाचपत राहिले. बाईंना त्यांची कीव आली आणि किळसही. त्या उठून घरी गेल्या.

सकाळी बहिणीचा फोन आला. बाळाने रात्रभर शांत झोप घेतली होती. नदीकाठी बाटली भरली तर पाणी स्वच्छ निघालं. बाई जवळजवळ धावतच चाकापाशी आल्या.

खूण जागेवर होती. काका कुठेच नव्हते. चाकाला त्यांचा खाकी शर्ट अडकवलेला होता, आणि बाईंची साखळी त्याच्या दोन्ही बाह्यांतून ओवलेली होती. कुलूप बंद होतं. बाईंनी पर्स उघडली.

किल्ली आतच होती. ओली.