आनिंगला मारलेली हाक

बालवाडीवाले आनिंगला ठेवून घेतील का, या काळजीनं मी एकोणीस रात्री जागून काढल्या. खरी काळजी वेगळीच होती. पण ती मनातसुद्धा उच्चारायचं धाडस नव्हतं, म्हणून बालवाडीची करत बसले होते. माझी चार वर्षांची मुलगी बागेतून आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

सुझौतल्या आमच्या कालव्याकाठच्या गल्लीच्या टोकालाच ती जुनी बाग आहे. चंद्राच्या सणाला आम्ही दोघी गेलो होतो. मी फोनमध्ये डोकं घालून बसले आणि ती तळ्याकाठच्या दगडावरून घसरली. पाणी गुडघाभरच. रखवालदारानं उचलून आणून दिली. रडलीसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, कान चांगले, घसा चांगला, वाट बघा.

खालच्या मजल्यावरच्या शेन आजींना वाट बघणं मान्य नव्हतं. पोर घाबरलं की त्याचा जीव त्या जागी राहतो, तो हाक मारून घरी आणायचा. त्यांच्या लेखी हे तापात कपाळावर पट्टी ठेवण्याइतकं साधं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, असं काहीसं पुटपुटले.

"शिकव की. पोरीला हाक मारताना रसायन आडवं येतं का?"

पोरीचा सदरा हातात घ्यायचा, घसरली तिथून तिच्या लाडाच्या नावानं हाका मारत घरी यायचं, मागं वळून बघायचं नाही. प्रत्येक हाकेला मागून घरच्याच माणसानं तिच्या वतीनं 'आले' म्हणायचं. परक्यानं म्हटलेलं चालत नाही, म्हणजे आजीही बाद. माझी आई दूर लांझौला, नवरा छोंगछिंगला पुलाच्या कामावर. कोटभर वस्तीच्या शहरात मला 'आले' म्हणणारं एक माणूस नव्हतं.

शेवटी नवऱ्यालाच म्हटलं, फोनवरून म्हण. तो हसला, पण साडेचारला मोकळा राहतो म्हणाला.

आनिंगला आजींपाशी ठेवून मी गेले, तेव्हा बाग बंद होत आली होती. तळ्यात कमळाची पानं करपून वाकली होती. फुलून गेलेल्या गुईहुआच्या झाडांचा गोड वास पाण्यावर कुजत होता. मी इअरफोन कानात घालून फोन लावला. रिंग थांबली.

"आहेस ना?"

नुसती खरखर. कोणी बघत नाही ना, याची खात्री करून मी हळूच म्हटलं, "आनिंग... घरी चल."

"आले..."

इतकं हळू, की बैठकीत तोंडावर हात धरून बोलतोय असं वाटलं. मी चालू लागले. जाळीच्या खिडक्यांच्या भिंतीकडेनं, फाटकाबाहेर, कालव्याच्या पुलावर. "आनिंग, घरी चल." "आले..." दर हाकेला, न चुकता. खरं सांगते, पुलावर मी मुद्दाम सावकाश चालले. इतक्या दिवसांत माझ्या बोलण्याला कोणी ओ दिली नव्हती.

घरी आनिंग पलंगावर बसली होती. गालांवर रंग चढलाय बघ, असं खुणेनंच सांगून शेन आजी जिना उतरून गेल्या. मी सदरा तिच्या खांद्यांवर पांघरला आणि नवऱ्याला थँक्यू म्हणायला फोन काढला.

त्याचा निरोप आधीच आला होता. बैठक लांबली, तुझा फोन घेताच आला नाही, उद्या करूया का?

फोनमधली नोंदही तेच सांगत होती. चार बत्तीसचा कॉल, न उचललेला. इअरफोन अजून माझ्या कानात होता. त्यातून आता काहीच ऐकू येत नव्हतं...

आनिंगनं मान वर केली. खोलीभर नजर फिरवली, भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोवर जरा थांबली. मी तिच्यापुढं गुडघ्यांवर बसले. तिचे ओठ हलले. आवाज तिचाच होता, सकाळी उठल्यावर असायचा तसा थोडा घोगरा. पाहुणीसारखे दोन्ही हात मांडीवर ठेवून तिनं विचारलं,

"मावशी, तुम्हाला मूलबाळ नाही का?"