बाल्कनीतून आलेली हाक

लाईट गेली म्हणून आम्ही तीर्थपुरीत कचरू मामांच्या ओट्यावर बसलो होतो. मामा म्हणाले, ही माझ्या ओळखीच्या एका वायरमनला भेटलेल्या भुताची गोष्ट आहे, खरी आहे, फक्त नाव विचारायचं नाही.

सर्वपित्री अमावस्येला दिवस मावळल्यावर तो वायरमन नव्या थेटरात विसरलेली ड्रिल मशीन आणायला गेला. मामांनी सांगायची गरज नव्हती, ते थेटर माझ्याच थोरल्या भावानं, कल्याणदादानं बांधलेलं. दादा आर्किटेक्ट, नैरोबीत राहायचा. तिकडं त्यानं नाटकाची, सिनेमाची कितीतरी थेटरं उभी केली. शेवटचा नकाशा गावासाठी काढला, काम बघायला आला आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बाल्कनीतून पडला. ठेकेदार वसंता म्हणाला, वर एकटाच होता, पाय घसरला. खाली स्टेजवर हाच वायरमन होता. तो म्हणाला, मी काहीच ऐकलं नाही.

मला ते कधीच पटलं नाही. थेटरातला आवाज तपासायची दादाची रीतच होती, बाल्कनीत मागच्या कोपऱ्यातल्या स्वस्त खुर्चीवर बसून साध्या आवाजात स्टेजवरच्याला विचारायचं, ऐकू येतंय का. त्यानं लगेच ओ द्यायची. तिथली कुजबुजसुद्धा खाली ऐकू जायची.

"भूतबी वायरमनलाच गाठतंय," शेजारी बसलेला माझा मित्र अंगद म्हणाला. "लाईट येणार कवा मंग?"

मामा पुढं सांगू लागले.

वायरमनला मशीन सापडली. तो निघाला. तेवढ्यात वरून आवाज आला. साधाच.

"ऐकू येतंय का?"

"येतंय, साहेब."

महिनाभराची सवय. ओ गेली आणि मग त्याला आठवलं, साहेब आता नाहीत. अंधारात हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे आमच्याकडं लेकरांनाही ठाऊक. ही पहिलीच होती...



मग वरून, तितक्याच हळू...

"मंग त्या दिवशी का न्हाई ऐकू आलं?"

मामांची गोष्ट तिथंच संपली.

"ओमप्रकाश ना?" मी विचारलं. "गावात दुसरा वायरमन न्हाई, मामा."

"त्यो गाव सोडून गेला. बायको-लेकरं घेऊन. कुठं, म्हाईत न्हाई."

"काय ऐकलं होतं त्यानं?"

"त्ये मला इचारू नको," मामा म्हणाले.

मी उठलो. मामा नको नको म्हणत राहिले. बॅटरी घेऊन तसाच थेटरात गेलो, अंगद मागून आला. जिना चढलो. बाल्कनीतल्या खुर्च्या स्प्रिंगच्या, माणूस उठला की आपोआप वर दुमडतात. सगळ्या दुमडलेल्या होत्या.

दोन सोडून.

एक कोपऱ्यातली. एक तिच्या शेजारची, आणि वसंता तर म्हणाला होता, दादा वर एकटाच होता.

कोपऱ्यातली मी उचलली. ती वर राहिली.

शेजारची उचलली. हात काढला...

कोणी बसावं तशी ती हळूच खाली गेली.