स्तोइना आजीच्या फोटोतली काळी पट्टी

शेगडीत एक लाकूड सरकव रे, आणि ती राकियाची बाटली इकडे दे. सांगतो. पण मध्ये खिदळायचं नाही.

ल्युबेनला तुमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. स्मोल्यानमध्ये आमची दुकानं समोरासमोर. तो लग्नांचे फोटो काढायचा, मी कॅमेरे दुरुस्त करायचो. लग्नातल्या कॅमेऱ्याचं आधी जातं ते शटर. त्याची पाती दिवसभर आपटून आपटून थकतात. मग बॅटरी दम टाकते, मग अंगठ्याखालचं रबर सुटतं. ल्युबेनच्या कॅमेऱ्याचं रबर चिकटपट्टीवर तगून होतं आणि बॅटरी तो थंडीत काखेत धरून हिंडायचा.

मी म्हणायचो, "अरे, शटर बदलून घे. एक दिवस नवरीसमोर तोंडघशी पडशील."

तो म्हणायचा, "पडेन तेव्हा तुझ्याच दारात येऊन पडेन!"

तर, नोव्हेंबरातला तो शुक्रवार. दुसऱ्या दिवशी मृतांचा शनिवार, म्हणून घरोघरी कबरींवर न्यायचे गहू शिजत होते. दिवस मावळताना ल्युबेनला वरच्या ग्लोगिनो गावातून फोन आला. स्तोइना आजीचा.

"माझा फोटो काढून ठेव बाबा. मी गेले की पोरं स्पेनहून येतील आणि दारावरच्या निधनाच्या कागदावर ओळखपत्रातला फोटो छापतील. त्यात मी कोंबडीचोर दिसते!"

"उद्या सकाळी येतो की, आजी."

"उद्या मी दफनभूमीत असणार. अजून तरी पाहुणी म्हणून."

हसतच निघाला तो. घाट चढून पोचेपर्यंत मिट्ट काळोख झाला होता. सगळ्या गावात दोनच धुराडी जागी. आजीने डोक्याचा काळा रुमाल काढून फुलाफुलांचा बांधला होता. स्वयंपाकघरात भिंतीशी खुर्ची टाकून ती हात मांडीवर ठेवून बसली. आजीचे गुडघे अधू. काठीशिवाय उठता यायचं नाही. घरात दुसरं कुणी नाही.

ल्युबेनने पहिला फोटो घेतला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिला. खाली काळी पट्टी. आजीची पावलं गायब.

"मेलं शटर," तो पुटपुटला.

"कोण मेलं?"

"कॅमेरा म्हातारा झालाय, आजी."

"मग जमेल आमचं!"

दुसरा फोटो. पट्टी गुडघ्यांपर्यंत. पातं अडकलं की असंच होतं. त्याने कॅमेरा कपाटाकडे वळवला. खटक. फोटो स्वच्छ. खिडकीकडे. स्वच्छ. बरं वाटलं त्याला. पुन्हा आजीकडे वळला.

पट्टी कमरेपर्यंत.

आणि आता तिची कड सरळ नव्हती. शटरच्या पात्याची कड फूटपट्टीने आखल्यासारखी येते. ही मधोमध फुगली होती. गोल. गोलाच्या दोन्ही बाजूंना उतार.

डोकं... आणि खांदे.

आजीच्या पायाशी कुणीतरी बसलं होतं. आणि ते उठत होतं.

ल्युबेनने मान वर केली. समोर फक्त आजी. शेगडीवर गहू रटरटत होते.

"काय झालं? डोळे मिटले का माझे?"

"नाही... जरा हलला फोटो."

मग पुन्हा का काढलास, असं मी त्याला नंतर विचारलं. म्हणाला, "दोष शटरचाच निघू दे, म्हणून काढला."

त्या फोटोत आजी नव्हतीच. फुलांच्या रुमालाचं एक टोक फक्त. बाकी काळी पाठ.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. आजी दिसली. हसत होती. तो बटण दाबणार...

अंधार.

तुम्ही हे काम शिकताय, तुम्हाला कळेल. त्या कॅमेऱ्यात डोळ्याला दिसतं ते आरशावरून येतं. शटर आरशाच्या मागे. ते मेलं तरी समोरचं दिसत राहतं. डोळ्याला अंधार झाला, म्हणजे भिंगाच्या पुढ्यात काहीतरी आलं.

अगदी टेकून.

कॅमेरा खाली घ्यायची छाती होईना. श्वास घ्यायचीही.

"अरे, असा पुतळा का झालास?" अंधारापलीकडून आजीचा आवाज. "काढ की!"

तिला काहीच दिसत नव्हतं.

त्याने डोळे मिटले. कॅमेरा सोडला. तो गळ्यात लोंबला. डोळे उघडले. आजी. भिंत. बास.

पळून जाता आलं असतं. गाडी दारात होती. पण ते उठलं होतं आजीच्या पायाशी, आणि तिला एकटीला पळता येणार नव्हतं...

त्याने शेगडी विझवली. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "आजी, चला आमच्याकडे. बायकोने चीज घालून बनित्सा भाजलीये. फोटो सकाळी काढू."

"आत्ता?"

"आत्ता. बसा पाठीवर."

"अगं बाई! चाळीस वर्षांनी कुणी पळवून न्यायला आलंय. कोट तरी घेऊ दे!"

घेऊ दिला नाही. तिला पाठीवर घेतलं आणि दाराकडे निघाला.

पहिल्याच पावलाला गळ्यातला कॅमेरा छातीवर दाबला गेला. समोरून. आजी तर पाठीवर होती. आणखी एक पाऊल. आणखी दाब. बरगडी दुखली. आजी काहीतरी बोलत होती. त्याला ऐकू येत नव्हतं. कुणाच्या तरी अंगातून वाट काढल्यासारखा तो चालला. दार. उंबरा.

बाहेर पाऊल पडलं... आणि दाब गेला.

मागे वळून पाहिलं नाही त्याने.

आजी पुन्हा त्या घरात राहिली नाही. धाकट्या बहिणीकडे गेली आणि चांगले तीन हिवाळे जगली. त्या शनिवारी सकाळी माझ्या कॅमेऱ्याने काढलेला फोटोच निधनाच्या कागदावर लागला. तोंडभर हसणारा. ल्युबेनने मात्र लग्नांचे फोटो काढणं सोडलं.

सोमवारी त्याने तो कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवला. ते फोटो मी या डोळ्यांनी पाहिलेत. मग शटर उघडलं. पाती जुनी, पण एकही अडकत नव्हतं. हजार वेळा चालवून पाहिलं.

शेवटी भिंग पुसायला घेतलं. पुढच्या काचेवर मधोमध धुरकट डाग होता. फडक्याने निघेना. स्पिरिटने निघेना. नख फिरवून पाहिलं... तिथे काच खोलगट झाली होती. मठातल्या जुन्या माता मरियमच्या चित्रावरची काच असते ना, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ओठ टेकून झिजलेली... तशी. शुक्रवारी दुपारी मीच ते भिंग पुसून दिलं होतं.

दिव्याखाली तिरकं धरलं. खोलगट भागाच्या कडेने बारीक, वाकड्या रेघा होत्या. पापणीच्या केसांसारख्या. वरच्या बाजूला दाट.

खालच्या बाजूला विरळ.